माग थांबवले तेव्हा

सेवेतल्या बहुतेक केसेस मला डोळ्यांनी आठवतात. जागा दिसते, पंच दिसतात, आरोपी कुठे उभा होता ते दिसतं. ही एकच केस मला कानांनी आठवते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आमच्या कॉलनीत दुपारी कुत्रंही भुंकत नाही, तरी मधेच मागांचा तो खटखटाट कानात सुरू होतो.

सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा. मी सोलापुरात फौजदार होतो. माझं ठाणं शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीला लागून होतं. या गल्ल्यांत माणसं घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि दोन्हींपेक्षा मोठ्याने यंत्रमाग बोलतात. एका भिंतीपलीकडे संसार आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे माग. दिवसपाळी संपली की रातपाळी लागते. एका शेडमधले माग पाळी बदलताना थांबतात तेव्हा शेजारच्या शेडमधले चालू असतात. त्यामुळे गल्लीला शांतता म्हणून मिळत नाही. बदली होऊन आलो तेव्हा तिथे गस्त घातली की माझं डोकं दुखायचं.

एका संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला एक बाई ठाण्यात आली. मागे दीर, जाऊ, शेजारपाजार. ठाणे अंमलदाराने विचारायच्या आत ती माझ्या टेबलापाशी पोचली.

"साहेब, माझी बुज्जी कुटं हाय वो?"

बुज्जी म्हणजे तिची पाच वर्षांची मुलगी. घरातलं लाडाचं नाव. दुपारी जेवून गल्लीत पोरींबरोबर खेळायला गेली होती. पोरी लपाछपी खेळत होत्या. उन्हं उतरली, बाकीच्या पोरी घरी आल्या, ही आली नाही. अंगात पिवळा फ्रॉक. बाप यंत्रमागावर कामाला, पाळी सोडून तोही शोधत फिरत होता.

हरवलेलं पोर बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी ओट्यावर झोपलेलं सापडतं. पण त्या दिवसांत शहराची हवाच बिघडलेली होती. जिल्ह्यात धरणाचं काम चालू होतं आणि कुणीतरी उठवून दिलं होतं की भिंत उभी राहायची तर पोराचा बळी लागतो, त्यासाठी पोरं पळवणारी माणसं फिरताहेत. शिकलेली माणसंसुद्धा मला रस्त्यात थांबवून विचारायची, "खरं आहे का हो साहेब?" मी वैतागून "नाही" म्हणायचो आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की साहेब लपवताहेत.

तक्रार लिहून घेतली. हवालदाराला चार शिपाई देऊन गल्लीत धाडलं. आमचा हवालदार मोठा अनुभवी, पण बोलण्यात आणि हातात दोन्हीकडे सैल. घरं, शेड, विहिरी, सगळं बघून तो परत आला.

"साहेब, घर न् घर बघितलं. त्या बाईच्या मागच्या खोलीत पण बघितलं. फळ्या न् सुताच्या कचऱ्याची पोती हायेत, दुसरं काय न्हाय."

रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडवर माणसं ठेवली. जिल्ह्यात बिनतारी संदेश गेला. त्यानंतर उत्तरं येऊ लागली. दुधनीहून कळलं की पिवळ्या फ्रॉकची मुलगी एका माणसाबरोबर दिसली. मोडनिंबहून कळलं की तशीच मुलगी हमरस्त्यावरच्या ट्रकमध्ये दिसली. एक टोक कर्नाटकाच्या हद्दीला, दुसरं पुण्याच्या वाटेवर, आणि वेळ दोन्हीकडे एकच. सांगणारे कुणी चेष्टेखोर नव्हते. दोन्ही ठिकाणी माणसं पाठवली, दोन्ही ठिकाणाहून हात हलवत परत आली.

माझी मोठी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. घरी गेलो नाही, कारण घरी गेलो असतो तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. उन्हाळ्यातलं सोलापूर, पाणी नसेल तर मोठा माणूस टिकत नाही, आणि ही तर एवढीशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. गल्लीच्या तोंडाशी पानपट्टी चालवणारा एक माणूस स्वतःहून ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, काल दुपारी एक माणूस पोतं घेऊन गल्लीतनं भायेर पडला. घाईत होता." इतकंच सांगितलं. मी स्वतः ऐकलं, म्हणून हे वाक्य मला नीट लक्षात आहे.

मी तपासाची दिशा ठरवेपर्यंत गल्लीने ती ठरवून टाकली होती. मंगळवेढ्याकडून येणारा एक भंगारवाला नाक्यावर एसटीतून उतरला, खांद्यावर रिकामं आणि बगलेत भरलेलं पोतं. लोकांनी त्याला तिथेच धरला. ठाण्यात आणला तेव्हा त्याचा सदरा फाटलेला होता आणि ओठातून रक्त येत होतं. मागून दोनेकशे माणसं. "आमच्या ताब्यात द्या" म्हणून ओरडत होती.

मी त्याला कोठडीत घातलं, ते अटकेसाठी कमी आणि त्याचा जीव वाचावा म्हणून जास्त. पोतं पंचांसमोर उघडलं. चिंध्या, सुताचा कचरा, आणि चिंध्यांच्या मधे एक लहान मुलीचा पिवळा फ्रॉक.

बाईला आत बोलावलं. हवालदाराने फ्रॉक तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हाच ना?"

तिने तो ओढून घेतला, छातीशी धरला आणि किंकाळी फोडली. "माझ्या बुज्जीचाच हाय!"

बाहेर गर्दीला ते ऐकू गेलं. दगड आले, खिडकीची काच फुटली. सर्कल इन्स्पेक्टर साहेबांचा फोन आला. "कबुली झाली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कशाची वाट बघताय? मुलगी कुठे टाकली ते काढून घ्या."

मी कोठडीत गेलो. पन्नाशीचा माणूस, हातपाय काडीसारखे. भिंतीला टेकून बसला होता.

"मुलगी कुठे आहे?"

"न्हाय ठावं साहेब. म्या चिंध्या न् कचरा गोळा करतो. लई वर्सं झाली, त्याच गल्लीत येतोय की. सगळी वळखत्यात मला."

"फ्रॉक कुठला?"

"चिंधीतला हाय. मंगळवेढ्यात घेतल्या चिंध्या. आनि काल त्या घरातनं एक पोतं कचरा घेतला. दोन पोती फळ्यांवर सरकून ठिवली, येवडंच केलं. पोरीला म्या बघितलं पन न्हाय."

हवालदार म्हणाला, "साहेब, पोत्याच्या गोष्टी सांगतोय. जरा बोलता करू का?"

मी नको म्हटलं. दया आली म्हणून नव्हे. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला हवं तेच सांगतो आणि मग आपण त्या विहिरी उपसत बसतो, हे मी आधीच्या ठाण्यावर बघितलेलं होतं. पण माझ्याकडे दुसरा काही मार्ग होता असंही नाही.

बाहेर आलो तर बाकावर पानपट्टीवाला आणि बाईच्या समोरच्या घरात विड्या वळणारी एक मावशी जबाबासाठी बसलेली. त्यांच्या शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ. हे कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्यांची सायकल चोरीला गेली होती आणि ते रोज सकाळी नेमाने चौकशीला येत. हवालदार त्यांना सायकलवाले मास्तर म्हणायचा. मला त्यांचा राग यायचा, कारण ते सायकलीचं वर्णन रोज नव्याने आणि सविस्तर सांगायचे.

"सर, आज सायकल नको," मी म्हटलं.

"सायकलीचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "या दोघांना आधी वेगळं बसवा."

"का?"

"मी मघापासून ऐकतोय. हे दुकानदार येऊन बसले तेव्हा यांच्या सांगण्यात त्या माणसाच्या खांद्यावर नुसतं पोतं होतं. मावशी म्हणाल्या, त्याला दाढी होती का? हे म्हणाले, होती. मग हे म्हणाले, पोतं हललं असेल नाही? मावशी म्हणाल्या, हललं. आत्ता तुम्ही येण्याआधी पोत्यातून रडण्याचा आवाज यायला लागला होता."

कोठडीतल्या माणसाची हनुवटी गुळगुळीत होती. मी पानपट्टीवाल्याकडे बघितलं. "काय रे, पोतं हलत होतं?"

"व्हय साहेब, ह्या डोळ्यांनी बघितलं की!"

तो खोटं बोलत नव्हता. सेवेत खोटं बोलणारे मी पोत्याने बघितलेत. खोटं बोलणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं वाक्य ठरवतो. हा माणूस खरोखर समोर बघत होता आणि त्याला पोतं हलताना दिसत होतं.

मी प्राध्यापकांना आत बोलावलं. एरवी बोलावलं नसतं. त्यांनी मला तासभर व्याख्यान दिलं नाही, हे त्यांचे उपकार. थोडक्यात म्हणाले, "साहेब, डोळा म्हणजे कॅमेरा नाही. डोळा तुकडे आणून देतो, चित्र मन पुरं करतं. आणि पुरं करताना जे आधीपासून मनात आहे ते वापरतं. या शहराच्या मनात सध्या पोरं पळवणारा आहे. तो पोतं बघितलं की आपोआप दिसतो."

"आणि फ्रॉक? तो तर आईनेच ओळखला."

"ओळखला की तिला दाखवला?" ते म्हणाले. "एकच फ्रॉक दाखवून हाच ना विचारलंत. ती दुसरं काय म्हणणार?"

मला झोंबलं. मुद्देमाल तशाच इतर वस्तूंत मिसळून ओळखायला लावावा ही आमची स्वतःची पद्धत, पण दगड पडत असताना ती पाळायची राहून गेली होती. मी म्हटलं, "ठीक आहे, मिसळून दाखवतो."

"एक अट आहे. दाखवणाऱ्यालाही ठाऊक नको. ज्याला उत्तर माहीत असतं त्याची नजर तिकडे जाते. त्याच्या मनात नसलं तरी जाते. आमच्याकडे प्रयोग करताना याची फार काळजी घ्यावी लागते."

तसं केलं. आजूबाजूच्या घरांतून पिवळे फ्रॉक मागवले. एक हवालदाराच्या घरून आला, त्याच्या मुलीचा. पोत्यातला फ्रॉक मी स्वतः त्यांत मिसळला आणि खोलीबाहेर गेलो. कोर्टाच्या कामावरून नुकत्याच परतलेल्या आणि यातलं काहीही न बघितलेल्या एका शिपायाने ते टेबलावर मांडले. बाईला आत नेलं. शिपाई म्हणाला, "बाई, यात तुमच्या मुलीचा फ्रॉक असेल किंवा नसेलही. सावकाश बघा."

मी दारातून बघत होतो. ती एकेक फ्रॉक उचलायची, कॉलर बघायची, वास घ्यायची, खाली ठेवायची. पोत्यातला फ्रॉकही तिने उचलला, वास घेतला आणि बाजूला टाकला. शेवटी एक फ्रॉक तिने घट्ट धरला आणि रडायला लागली. "हा. हाच बुज्जीचा."

तो हवालदाराच्या मुलीचा होता.

हवालदाराचा चेहरा उतरला. माझ्या मनावरचं एक ओझं कमी झालं, पण ते कमी झाल्यावर खाली दुसरं मोठं होतं. बाईला मीच समजावून सांगितलं की पोत्यातला फ्रॉक तुमच्या मुलीचा दिसत नाही. मला वाटलं तिला धीर येईल.

"मग आता काय वो साहेब?" ती म्हणाली. "मघाशी निदान ह्यानं नेलं असं होतं. आता माझी पोरगी कुटंच न्हाई."

आमच्या हातातला एकुलता एक धागा आम्हीच तोडला होता आणि दुपार चढत होती. बाहेरच्या लोकांना वाटत होतं पोलीस आरोपीला वाचवताहेत. साहेबांचा पुन्हा फोन आला, तो मी अंमलदाराला घ्यायला लावला.

"आता सांगा सर," मी प्राध्यापकांना म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच. "तुमच्या शास्त्राने संशयित गेला. मुलगी कुठे आहे ते सांगतं का तुमचं शास्त्र?"

"ते नाही सांगत," ते म्हणाले. "ते फक्त इतकं सांगतं की एखादा अंदाज पक्का वाटायला लागला की तो खोटा ठरेल असं काही मुद्दाम शोधावं. कालपासून सगळे एकच अंदाज धरून चाललेत, मुलगी गल्लीतून बाहेर गेली. ती गेलीच नसेल तर?"

"गल्ली बघितलीय. घर न् घर."

"कुणी बघितली?"

जीप काढली. बाईला घेतलं, हवालदाराला घेतलं, आणि सायकल नसल्यामुळे मास्तरांनाही घेतलं.

बाईच्या घरात पुढची खोली, आत स्वयंपाकघर, मागे एक अंधारी खोली. दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे शेड, त्यात माग चालू. भिंतीवरच्या तसबिरी थरथरत होत्या. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. मी विचारलं, काल दुपारी तुम्ही काय करत होता, पहिल्यापासून सांगा, मी मधे बोलणार नाही. ती सांगू लागली. भांडी घासली. भंगारवाला आला, त्याला मागच्या खोलीतला कचरा दाखवला. तो गेला. जरा आडवी झाले. मला निम्मं ऐकू येत नव्हतं, मी पुढे वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"आडव्या झालात तेव्हा काही आवाज आला? रडणं, हाक?"

तिने "काय?" असं विचारलं नाही. तिला माझं बोलणं नीट ऐकू आलं होतं. मीच घसा ताणून ओरडत होतो.

"न्हाई वो साहेब," ती म्हणाली. "काय पण आवाज न्हवता. सगळं शांत होतं. रात्री पण शांत होतं. रातभर मी जागीच होते की, कान लावून."

मी प्राध्यापकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. हवालदार म्हणाला, "साहेब, शांत म्हंजे?" पण तो इतक्या हळू म्हणाला की मला त्याच्या ओठांवरून कळलं.

"बाई," मी ओरडलो, "आत्ता इथे आवाज आहे का?"

तिने मान वर करून ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं. "न्हाई," ती म्हणाली. "कुटं?"

प्राध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमच्या कमरेचा पट्टा तुम्हाला आत्ता जाणवत होता का? मी म्हटलं म्हणून जाणवला. जे सतत असतं ते मन बाजूला टाकतं. ती खोटं बोलत नाहीये. तिला खरंच शांत वाटतंय."

आणि त्या 'शांत'खाली एखादं पाच वर्षांचं पोर ओरडत असलं तर ते कुणाला ऐकू जाणार होतं? मागाच्या आवाजाची या लोकांना सवय होती आणि आम्हाला त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मी उठलो. "हवालदार, गल्लीतले सगळे माग बंद करायचे. सगळे. एकसुद्धा चालू राहता कामा नये."

हे बोलणं सोपं होतं. पहिल्या शेडचा मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, ऑर्डर अडलीय, मधेच थांबवलं तर तागा बिघडतो." दुसरा म्हणाला, आधी समोरच्याचे बंद करा, मग मी करतो. समोरचा म्हणाला, कायद्यात असं कुठं आहे. कायद्यात नव्हतंच. मी त्याला म्हटलं, मुलगी मिळेपर्यंत मला कायदा शिकवू नका, नंतर माझ्याविरुद्ध अर्ज करा, मी तो स्वतः लिहून देतो. मागावरच्या कामगारांना मात्र सांगावं लागलं नाही. मुलीचा बाप त्यांच्यातलाच. कुणीतरी तेलुगूत ओरडून काहीतरी सांगितलं आणि त्यांनी मालकांकडे न बघता खटके ओढले.

एकेक शेड थांबत गेली. आवाज एका बाजूने पातळ होत गेला, मग शेवटचे दोन-तीन माग उरले, मग तेही थांबले.

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. गल्लीतली माणसं दारांत आली आणि एकमेकांकडे बघू लागली. एक म्हातारा कानात बोट घालून हलवत होता. आणि मग एकाएकी घराघरांतून तान्ही पोरं रडायला लागली. खटखटाटात जन्मलेली आणि खटखटाटात झोपणारी पोरं, ती शांततेने दचकून जागी झाली. इकडून एक, तिकडून एक, चार, पाच. मला वाटलं संपलं सगळं.

"पोरांना पाजा!" मी ओरडलो. "गप्प करा त्यांना, काहीही करा!"

आया धावल्या. एकेक रडं थांबलं. शेवटचं थांबायला इतका वेळ लागला की माझ्या हाताची नखं तळव्यात रुतली होती, हे मला नंतर कळलं.

मग काही नाही. कुठे तरी नळ ठिबकत होता. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. हवालदाराने नकारार्थी मान हलवली. प्राध्यापकांनी चष्मा काढून हातात धरला होता, जसं काही चष्म्याने ऐकायला अडथळा येतो.

बाई पुढच्या खोलीत मधोमध उभी होती. ती एकदम वळली. आम्हाला कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून धावत मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि जमिनीवर पालथी पडली.

"बुज्जी!"

आता आम्हालाही ऐकू आलं. फळीवर नख ओढल्यासारखा आवाज, आणि त्यात एक शब्द, घसा बसलेला. "अम्मा."

त्या खोलीत सासऱ्याच्या काळचा हातमाग होता. जुन्या हातमागाला जमिनीत खड्डा असतो. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पायाखालच्या पट्ट्या, म्हणजे पावड्या, दाबतो. माग मोडून बरीच वर्षं झाली होती. खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर कचऱ्याची पोती रचत. लपाछपीत मुलगी कडेची एक मोकळी फळी सरकवून आत उतरली होती. ती आत दडून गप्प बसलेली असताना भंगारवाला आला आणि आपलं पोतं काढताना त्याने वरची दोन पोती त्या फळ्यांवर सरकवली. फळी बसली ती बसलीच. शेजारी आई आडवी झाली. भिंतीपलीकडे माग चालत राहिले.

पोती हवालदाराने एकट्याने उचलून फेकली. कालपासून ती खोली किती जणांनी बघितली होती, त्याने स्वतः बघितली होती, पण फळ्या आणि पोती तिथे नेहमीच असतात म्हणून कुणालाच दिसली नव्हती. मुलीचे ओठ फुटले होते, बोटांची नखं सोललेली होती, डोळे उघडत नव्हते. पण ती जिवंत होती. जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी एक रात्र गेली असती तर अवघड होतं. हवालदार व्हरांड्यात तोंड भिंतीकडे करून उभा होता. मी त्याच्याकडे गेलो नाही, कारण माझीही तीच अवस्था होती.

कोठडी उघडली तेव्हा भंगारवाला उठला नाही. त्याला वाटलं पुन्हा कुणी मारायला आलंय. मी सांगितलं, मुलगी सापडली. त्याने विचारलं, "जित्ती हाय का?" हो म्हटल्यावर तो रडला. मग म्हणाला, "पोती सरकावली म्हनून सांगितलं व्हतं की, साहेब." सांगितलं होतं खरं. सगळ्या तपासातला तो एकच खरा धागा होता आणि तो आम्हाला ऐकूच आला नव्हता. मी त्याला जीपने मंगळवेढ्यापर्यंत पोचवला, कारण एसटीत बसवण्याची माझी हिंमत नव्हती.

प्राध्यापकांची सायकल शेवटपर्यंत सापडली नाही. पण ते येत राहिले आणि आता मी त्यांना चहा पाजू लागलो. पुढे कुठलाही तपास हाती घेतला की साक्षीदारांना वेगळं बसवायचं, त्यांना मधे न तोडता बोलू द्यायचं, ओळख करवणाऱ्याला उत्तर माहीत नसेल असं बघायचं, हे मी नेमाने पाळलं. वरिष्ठ हसायचे. मला या केसने शिकवलं ते मात्र याहून साधं आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाची पोलिसाला फार भीती नसते. त्याला धरता येतं. भीती असते ती खरं बोलणाऱ्या माणसाची, ज्याने बघितलेलं नसतं आणि ज्याला दिसलेलं असतं. आणि त्याहून मोठी भीती आपल्या स्वतःच्या कानांची, ज्यांना वाटतं की सगळं शांत आहे.

पुढे पावसाळ्यात ती बाई एकदा ठाण्यात आली. मुलगी बरी होती, शाळेत घातली होती. बाई साक्षीदारांच्या त्याच बाकावर बसली.

"साहेब, मला आता ऐकू येतंय वो," ती म्हणाली.

"काय?"

"माग. लगीन होऊन आले तवापासनं कधी ऐकू आला न्हवता. आता दिवसरात येतो. त्यात बुज्जी रडतीय असं वाटतंय. हात लावून बघते, तर ती माझ्याजवळच झोपलेली असते. तुमी त्या दिशी एकदा बंद केले की नाही? परत एकदा कराल का? थोडा वेळच. मला नीट ऐकायचं हाय, कोण रडत न्हाई म्हणून."

मी काय करणार होतो? मी तिला चहा दिला, प्राध्यापकांना भेटा म्हणून सांगितलं. ती भेटली की नाही माहीत नाही. त्यानंतर माझी बदली झाली.

आता दुपारी जेवून पडलो की डोक्यावर पंखा चालू असतो. मधेच मी उठतो आणि तो बंद करतो. शेजारच्या खोलीतून बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, काही नाही. ती म्हणते, "उकडतंय हो, लावा की परत." मी लावतो, पण आधी थोडा वेळ थांबून ऐकतो.